वीत आणि चार बोटं

“कोण गेलं, ताई?”

अमेरिकन वकिलातीच्या दारात अंगझडती घेणाऱ्या बाईने हे अगदी सहज विचारलं. तिच्या हातातलं यंत्र नेनिताच्या छातीपाशी येऊन कुरकुरलं, तिने काय आहे म्हणून भुवई उचलली, आणि नेनिताने गळा जरा बाजूला केला तेव्हा ब्लाउजच्या आतल्या बाजूला टोचलेली बोटाच्या पेराएवढी काळी पिन दोघींनाही दिसली. ही पिन बघून मनिलात कुणी ‘काय आहे’ म्हणून विचारत नाही, ‘कोण’ म्हणून विचारतात. घरातलं माणूस गेलं की वर्षभर ती छातीवर लावायची, वर्षाची प्रार्थना झाली की उतरवायची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त ती सगळ्यांना दिसेल अशी लावतात. आतून लावलेली पिन त्या बाईने पहिल्यांदाच पाहिली असावी. सकाळपासून शेकडो माणसं चाचपून ती कंटाळलेली होती, तरी तिचा आवाज मात्र शेजारणीसारखा खाली आला होता.

“कुणी नाही,” नेनिता म्हणाली.

बाईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, ब्लाउजचा गळा आपणच नीट केला आणि तिला आत सोडलं. आत थंडगार दालनात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं ओळीने बसली होती. नेनिता जाऊन बसली. मांडीवर कागदांची पिशवी घेतली. आणि मग तिला ते लागलं. ठेच लागल्यावर कळ जरा उशिरा डोक्यात जाते, तसं. कुणी नाही. किती तयार झालीय ही जीभ, तिला वाटलं. मला विचारतसुद्धा नाही, आपली आपण उत्तर देऊन मोकळी होते. बारा-तेरा वर्षांची सवय तिला. घरमालकीण विचारायची, वर कोण राहतो गं तुझ्याकडे, तर पोटभाडेकरू. ती कामाला होती त्या औषधांच्या दुकानातल्या पोरी विचारायच्या, रविवारी चर्चमध्ये तुझ्या शेजारी तो कोण होता, तर गावाकडचा. खानेसुमारीवाला आला होता तेव्हा तर क्रिसांतो स्वतःच खुर्चीतून उठून, हात पुढे करून म्हणाला होता, “मी भाड्याने राहतो. बाई फार कडक आहेत, पंखा रात्रभर लावू देत नाहीत.” तो माणूस गेल्यावर दोघं पोट धरधरून हसली होती. तेव्हा हसू यायचं.

अर्ज आईने केला होता. थोरला भाऊ नौदलात शिरून अमेरिकेत गेला, त्याने आईला बोलावून घेतलं, आणि आईला तिकडे कायमचं राहायची परवानगी मिळाल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर मागे राहिलेल्या लेकीचं नाव घातलं. अविवाहित लेक म्हणून. त्या रकान्यात अविवाहित लेकीच बसतात. लग्न केलं की नाव उडालं, मग रांगेत कितीही वर्षं गेलेली असोत. आई तिथली नागरिक झाली असती तर लग्न करूनही नाव टिकलं असतं म्हणतात, फक्त रांग आणखी लांबली असती. पण त्यासाठी इंग्रजीत परीक्षा द्यावी लागते, आणि आईने परीक्षेच्या धास्तीने शाळा सोडलेली. विमानतळावर निघताना ती नेनिताच्या कानाशी लागून म्हणाली होती, “काहीही कर, पण लग्न करू नकोस. कागद येईपर्यंत.” काहीही कर, असं त्या जपमाळ ओढणाऱ्या बाईने म्हणावं याचं नेनिताला तेव्हा नवल वाटलं होतं. क्रिसांतो दहा पावलांवर आईची बॅग घेऊन उभा होता. त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. परत येताना खच्चून भरलेल्या जीपनीत तो म्हणाला, “त्यात काय. आधी तू जा. मग सुट्टीवर ये, आपण चर्चमध्ये लग्न करू, मग तू मला बोलव. तोवर मी म्हातारा होईन. म्हाताऱ्यांनाही जोडे लागतातच की तिकडे.”

तो जोडे बनवायचा. मनिलाजवळच्या मारिकिनात दर दुसऱ्या गल्लीत एक जोड्यांचा कारखाना असायचा, त्यातल्या एकात तळ चिकटवायच्या टेबलाशी तो उभा असायचा, आणि घरी आला की त्याच्या अंगाला त्या चिकाचा वास यायचा. तिला आधी तो वास सहन व्हायचा नाही. नंतर त्या वासाशिवाय झोप लागायची नाही. परवानगीचा अर्ज गेला त्या वर्षीच्या नाताळात त्याने तिच्यासाठी काळ्या चामड्याचा जोडा बनवला होता, कमी टाचेचा, पुढे साधी पट्टी. म्हणाला, वकिलातीत बोलावतील तेव्हा घाल. ती म्हणाली, आत्ता घालते की. तर तो म्हणाला, नको, हा त्याच दिवशी. पण नुसता ठेवलेला जोडा घातलेल्या जोड्यापेक्षा लवकर मरतो, म्हणून दर नाताळात तो कपाटावरचा डबा खाली काढायचा, तळ उकलून पाहायचा, नव्याने चीक लावायचा, चामड्याला तेल द्यायचा आणि डबा परत वर ठेवायचा. इतकी वर्षं. आज तो जोडा तिच्या पायात होता. इतकं करून तिचे पायच जरा पसरले होते, आणि डाव्या करंगळीला तो लागत होता.

पलीकडच्या खुर्चीवर एक जोडपं बसलं होतं, दोघांच्या हातात अंगठ्या, मधे लहान मुलगी. मुलगी कंटाळून आईच्या अंगठीशी खेळत होती. नेनिताने नजर काढून घेतली. मूलही ‘कागदांनंतर’ असंच ठरलं होतं. बिनलग्नाचं मूल झालं तर नाव उडत नाही असं कुणीतरी सांगितलंही होतं. पण तिकडून कुणी विचारलं, बाप कोण, तर जिभेला काय पढवायचं? कागदांनंतर, कागदांनंतर करता करता एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तसं होणं कठीण. त्या संध्याकाळी क्रिसांतोने चिंचेचं आंबट मासे-कालवण केलं आणि तिला वाढलं. ती मात्र जेवता जेवता त्याच्यावरच ओरडली होती, मीठ कमी आहे म्हणून.

आणि तो बास्केटबॉलच्या मैदानावरचा दिवस. नगराध्यक्ष निवडणुकीच्या आधी गोरगरिबांची फुकट लग्नं लावून देतात. वर्षानुवर्षं एकत्र राहिलेली, पोरंबाळं झालेली जोडपी पांढरे कपडे घालून ओळीने उभी राहतात आणि एकाच दमात सगळ्यांचा संसार कायदेशीर होतो. क्रिसांतोच्या कारखान्यातल्या मित्राचं त्यात होतं, म्हणून ही दोघं बघायला गेली. लग्नं लागली, प्रत्येक जोडप्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात छोटा केक मिळाला, आणि ध्वनिक्षेपकावरचा विदूषक माणूस ओरडला, “अजून कुणी आहे का? केक उरलेत! हात वर करा, आत्ता लावून टाकतो!” लोक हसले. असं काही लगेच लागत नाही, आधी परवाना काढावा लागतो, हे सगळ्यांना माहीत. गंमतच ती. पण क्रिसांतोने तिचा हात हातात घेतला होता, आणि आपला हात तिच्या हातासकट वर केला. तिने इतक्या जोरात तो खाली ओढला की त्याचा खांदा लचकला. कुणी बघितलं म्हणजे? फोटो काढणारे होते तिथे, अमेरिकेत बसलेली कुणाची मावशी बघेल, चुगली करेल. परत येताना तो खांदा चोळत म्हणाला, “केक गेला की गं.” एवढंच. तिने त्याला त्या दिवशी साधं सॉरीही म्हटलं नव्हतं. आज त्या थंड दालनात तिचा तोच हात मांडीवर पडला होता, आणि तो वर करावा असं तिला इतक्या अनावरपणे वाटलं की तिने तो पिशवीखाली दाबून धरला.

तिचं नाव पुकारलं. काचेपलीकडे एक तरुण गोरा अधिकारी होता, उन्हाने कान लाल झालेला, सभ्य. त्याने कागद चाळले, कुठेही लग्नाची नोंद नाही असा सरकारी दाखला वर धरून पाहिला, आईचं नाव विचारलं, भावाचं विचारलं.

“तुमचं लग्न झालेलं नाही.”

“नाही.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

“घरी कोण कोण असतं?”

“मी एकटी,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच खरं होतं.

तो लिहीत होता. लिहिता लिहिता मान वर न करता, बहुधा तिचा चेहरा पडलेला पाहून तिला धीर द्यावा म्हणून, तो म्हणाला, “कुणाबरोबर राहत असलात तरी आमची हरकत नसते बरं का. पुष्कळ लोक उगाचच लपवतात. आम्हाला फक्त लग्नाशी कर्तव्य.” आणि मग हसून त्याने शिक्का उचलला. “अभिनंदन. आता आईला भेटा.”

ती आभार मानून निघाली. आपण आभार मानले हे तिला बाहेर रस्त्यावर आल्यावर कळलं. रस्ता ओलांडून ती समुद्राच्या कठड्यापाशी गेली, तिथे साखरेत तळलेली केळी काडीला लावून विकणारी बाई होती. तिच्याकडून एक काडी घेतली, आणि ती हातात तशीच धरून उभी राहिली. खाडीतून कुबट वारा येत होता. उगाचच. तो म्हणाला, उगाचच लपवतात. म्हणजे लग्न नको होतं, एवढंच. माणूस लपवायचा नव्हता. पोटभाडेकरू कुणी मागितला नव्हता. गावाकडचा कुणी मागितला नव्हता. हे सगळं तिने आणि गल्लीतल्या, दुकानातल्या, चर्चच्या ओसरीवरच्या बायांनी एकमेकींना घाबरवून घाबरवून रचलं होतं: अमकीचं नाव एका फोटोमुळे उडालं, तमकीच्या दारात पुरुषाची विजार वाळत होती म्हणून उडालं. आणि तिने आपली अक्कल गहाण टाकून ते सगळं खरं मानलं.

मग इस्पितळ. ते यायचंच होतं. ते टाळायला ती सकाळपासून बाकी सगळं आठवत होती. फेब्रुवारीत एका दुपारी कारखान्यातून फोन आला, क्रिसांतो टेबलापाशी कोसळला. ती दुकानाचा डगला अंगात तसाच ठेवून धावली. इस्पितळातल्या टेबलामागच्या मुलीने विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? आणि जीभ, ही जीभ, म्हणाली, “शेजारीण.” मुलगी म्हणाली, मग बाहेर बसा, आत फक्त घरचे. नंतरही तिला उठून सांगता आलं असतं. अहो, चुकलं माझं, मी त्याची बायको. कागद मागितला असता तर रडून, भांडून, पाय धरून आत जाता आलं असतं. इस्पितळातल्या माणसांनाही डोळे असतात. ती बाकावर बसून राहिली. दार उघडायचं, बंद व्हायचं, आणि दर वेळी फटीतून एका पलंगाचा पाय दिसायचा. त्याची बहीण व्हिर्गीताई बातांगासहून बस बदलत बदलत येऊन पोचली तेव्हा तो गेला होता. नर्स व्हिर्गीताईला सांगत होती, ते मधे शुद्धीवर आले होते, नेनी बाहेर आहे का विचारत होते, आम्हाला वाटलं मुलगी असेल.

अंत्ययात्रेच्या आधीचे दिवस घरात शवपेटी ठेवलेली. पेटीच्या झाकणाला आतून पांढऱ्या फितीवर घरच्यांची नावं लावतात, कुणाचा भाऊ, कुणाचा मामा, कुणाचा नवरा. व्हिर्गीताईने तिला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं होतं, तुझं नाव कुठे लावू? तिने सांगितलं, नको लावू. आता इतकी वर्षं थांबलो, त्याचीही मेहनत वाया जाईल.  व्हिर्गीताईने पेटीजवळ जाऊन भावाच्या पायातले जोडे काढले, मेलेल्याला जोडे घालून पाठवत नाहीत, नाहीतर रात्री घरात पावलं वाजतात. आयुष्यभर गावाला जोडे पुरवलेला माणूस पायमोज्यांवर गेला. आणि निघताना व्हिर्गीताईने नेनिताच्या हातात ही काळी पिन ठेवली. “घे,” ती म्हणाली. “लावलीस तर लाव, नाही तर कपाटात ठेव. पण ही तुझी आहे. मला उगीच तुझा वाटा घेऊन राहायचं नाही.”

काडीवरची केळी गार होऊन चिकट झाली होती. ती चालायला लागली, आणि स्टेशनच्या वाटेवर तिच्या डाव्या जोड्याचा तळ पुढून उकलला. पाऊल टाकलं की तो जिभेसारखा लोंबे, फटक, फटक. यंदा डबा कुणी खाली काढला नव्हता. तिला कळेना हसावं की काय करावं. भर रस्त्यात, ऑफिसं सुटायच्या गर्दीत, ती त्या उकललेल्या जोड्याकडे बघत उभी राहिली, आणि इतक्या महिन्यांत आलं नव्हतं तसं रडू तिला आलं, मोठ्याने, नाक गळेपर्यंत. लोक वळून बघत होते. एक माणूस थांबून म्हणाला, बाई, मोची त्या पुलाखाली बसतो. तिने मान हलवली. मोच्याकडे ती गेली नाही. केसांचं रबर काढून जोड्यावर बांधलं आणि तशीच पाय ओढत घरी आली.

घराच्या दारात खोकं उभं होतं. तिच्या कमरेपर्यंत येणारं, चिकटपट्टीने जखडलेलं, आईच्या तिरक्या अक्षरांत दोन्ही बाजूंना तिचं नाव. आई उन्हाळ्यापासून ते भरत असते. जहाजाने येतं, नाताळाच्या आधी पोचतं. शेजारच्यांनी सही करून उतरवून घेतलं होतं. दर वर्षी क्रिसांतो त्याच्या चामडं कापायच्या सुरीने ते उघडायचा. तिने तीच सुरी शोधून काढली. साबणाच्या वड्या, टूथपेस्ट, डबाबंद मांस, कॉफी, भावाच्या बायकोचे घालून सैल झालेले टी-शर्ट. आणि तळाशी, नेहमीप्रमाणे, पुरुषाचा जोडा.

पहिल्या वर्षी असा जोडा आला तेव्हा दोघांनी खोक्याचा तळ पुन्हा चाचपून पाहिला होता. चिठ्ठी नाही, फोनवर शब्द नाही. भावाचे पाय केवढाले, त्याचा हा नव्हे. क्रिसांतोने पाय घालून पाहिला, तर नेमका. मग त्याने जोडा उलटा केला, वाकवला, शिवण नखाने खरवडली आणि म्हणाला, “मारिकिनाच्या माणसाला जोडे पाठवते तुझी आई. आणि शिवण बघ ही, आमच्याकडचं शिकाऊ पोरगंसुद्धा लाजेल.” पण दर रविवारी चर्चला तेच घालायचा. पुढच्या वर्षी आणखी एक. दर वर्षी एक. जोड्यांत जागा वाया जाऊ नये म्हणून आई आत साबण भरायची, आणि मग तो सबंध रविवार साबणाचा वास मारत चर्चमध्ये बसायचा. नेनिताने आईला कधी विचारलं नाही, आईने कधी सांगितलं नाही. तो गेला तेही सांगितलं नव्हतं. तो गेला म्हणायचं, तर आधी तो होता म्हणावं लागलं असतं.

हा तपकिरी होता, नाडीचा. आत साबणाची वडी. नेनिताने तो मांडीवर घेतला आणि फोन वाजला.

स्टेशनवरून तिने भावाला निरोप टाकला होता, त्याने आईला कळवलं होतं. पडद्यावर आईचा चेहरा फार जवळ होता, तिकडे अजून उजाडायचं होतं, डोक्याला प्रार्थनेला जायची ओढणी. ती रडत होती, हसत होती, देवाचे, संतांचे, भावाच्या वकिलाचे आभार मानत होती. खोली तयार केली आहे म्हणाली, खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं. मग ती एकदम थांबली आणि आवाज खाली आणला, जणू अजूनही कुणी ऐकत असेल.

“आता फोनवर बोललं तर चालतं ना गं? झालं ना सगळं?”

“झालं, आई.”

“मग एक विचारते. त्या पोराला जोडा बरोबर होतो ना? मी आपला अंदाजानेच घेते. आपलं छप्पर शाकारायला यायचा तेव्हा दारात त्याच्या चपला असायच्या. एकदा कुणी नाही बघून मोजल्या होत्या मी. वीत आणि चार बोटं.” आई हसली, पोरीसारखी. “तुला नको नको म्हणत होते, आणि मोजत होते. आता त्यालाही बोलावून घेऊ. त्याला सांग, म्हातारीला सगळं माहीत होतं.”

नेनिताने हात ब्लाउजच्या आत घातला. पिन निघता निघेना, बोटाला टोचली. ती काढून तिने बाहेरून लावली, डावीकडे, जिथे लावतात तिथे, आणि फोन जरा लांब धरला. आईला नीट दिसायला वेळ लागला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं.

“सगळे बसायचे, आई,” नेनिता म्हणाली. “सगळे नेमके बसायचे. माझा नवरा गेला. फेब्रुवारीतच गेला.”

 आईने तोंडावर हात धरला, आणि तो हात तिने मग डोळ्यांवर नेला.  मांडीवरचा जोडा नेनिताने घट्ट धरला होता, आतली साबणाची वडी तिच्या बोटांना लागत होती. शेवटी आईने ओढणीने तोंड पुसलं, चष्मा शोधला, चाळवाचाळव करून कुठूनसं पेन आणलं.

“मी आत्ता चर्चलाच निघालेय,” ती म्हणाली. “त्याचं नाव प्रार्थनेत घालते. पूर्ण नाव सांग गं. मला त्याचं पूर्ण नाव कधी कळलंच नाही.”

नेनिताने सांगितलं. आई म्हणाली, सावकाश सांग, मला ऐकू कमी येतं. मग नेनिताने ते पुन्हा सांगितलं, मोठ्याने, दार उघडं होतं तरी.